थायरॉईडची गोळी, सकाळची पावडर आणि पोट: अनुभवींनी प्लीज वाचा

नाचणी | ९ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३९, राहणार कोथरूड, दिवसभर बसून काम. ६ वर्षांपासून थायरॉईडची ७५ ची (मायक्रोग्रॅम) गोळी चालू आहे, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास, पाळी लांबते तो) त्याच्याही आधीपासून. टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढतो तो आकडा) बरीच वर्षं ३ च्या आसपास असायचा, काही त्रास नव्हता. मार्चमध्ये एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.० आला आणि मी हबकले कारण आईला डायबेटीस आहे, तिचं सगळं मी जवळून बघितलंय. ऑफिसातल्या मैत्रिणीने एक डाएट क्लिनिक सुचवलं. तिथे सांगितलं की तुमच्या सगळ्याचं मूळ पोटात आहे, आतडं सुधारलं की हार्मोन्स आपोआप ताळ्यावर येतील. ३ महिन्यांचं पॅकेज, १८ हजार. त्यात रोज सकाळी उठल्याउठल्या अनशापोटी एक पावडर कोमट पाण्यातून घ्यायची आणि रात्री प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जंतूंची, कॅप्सूल.

मी मनापासून केलं सगळं, एक दिवस चुकवला नाही. पोट साफ व्हायला लागलं हे खरं. पण गेला दीड महिना इतका थकवा आहे की संध्याकाळी घरी आल्यावर जिने चढवत नाहीत, केस मुठीने जातायत, सकाळी तोंड सुजल्यासारखं वाटतं, पाळी ४६ दिवसांनी आली. परवा टेस्ट केली तर टीएसएच ११.८!! क्लिनिकला फोन केला तर म्हणाले शरीरातली घाण बाहेर पडतेय, तात्पुरतं वाढतं, आणि आता गोळी हळूहळू बंद करायचा विचार करूया. इथे मात्र माझ्या पोटात गोळा आला.

आता मला कळत नाहीये की पोट आणि हार्मोन्सचा संबंध खरंच आहे की हे नुसतं विकायसाठीचं बोलणं आहे? कोणी नीट समजावून सांगेल का?

मंडईकर | ९ जून, रात्री ११:२२

गोळी बंद करू नका. बाकी चर्चा नंतर. ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांना उद्याच रिपोर्ट दाखवा.

घाटवाट | १० जून, सकाळी ६:४०

मी १४ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सिंहगड रोडला, रोज सकाळी घरोघरी जाऊन ब्लड घेते त्यामुळे हे प्रकार फार बघते. ताई तुम्ही एक सांगा, गोळी किती वाजता घेता आणि पावडर किती वाजता? मिनिटांसकट सांगा. आणि पावडरच्या डब्यावर मागे काय काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

नाचणी | १० जून, सकाळी ७:१५

अगं ६:१० चा अलार्म असतो. ओट्यावर पाण्याचा पेला आणि गोळीची डबी रात्रीच काढून ठेवते. पूर्वी गोळी घ्यायचे आणि मग ७ वाजता चहा. आता पावडर पण अनशापोटीच घ्यायला सांगितलीय म्हणून मी त्याच पेल्यात पावडर ढवळून त्याच्याबरोबरच गोळी गिळते, दोन्ही एकदम होऊन जातं.

डब्यावर: इसबगोल, जवस, कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम, झिंक, बायोटिन, कोरफड.

घाटवाट | १० जून, सकाळी ७:३१

सापडलं असं मला वाटतंय. थायरॉईडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ते लहान आतड्यात शोषलं जातं आणि ते फार नाजूक काम आहे. कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, लोह पण तसंच. इसबगोलसारखा चिकट फायबर बरोबर गेला तर गोळी त्याच्यातच अडकून पुढे सरकते. म्हणजे तुम्ही ७५ ची गोळी रोज घेताय पण रक्तात त्यातलं किती जातंय कोण जाणे. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफी पण नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये ४ तासांचं अंतर, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी सांगते.

दुसरं, बायोटिन. केसांसाठी म्हणून हल्ली सगळ्यात घालतात. ते रक्तात जास्त असलं की बऱ्याच मशिनवर थायरॉईडचे आकडे चुकतात, टीएसएच खोटा कमी दिसतो. म्हणजे तुमचा खरा आकडा ११.८ पेक्षाही जास्त असू शकतो. पुढच्या टेस्टच्या आधी निदान २ दिवस बायोटिनवालं काही घेऊ नका आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

डॉक्टरांना डबा दाखवा. नुसतं "पावडर घेते" सांगू नका, डबाच न्या.

नाचणी | १० जून, सकाळी ७:४०

मी आत्ता ओट्यापाशी उभी राहून वाचतेय आणि मला रडू येतंय. दोन महिने रोज सकाळी हेच केलंय.

पाऊलवाट | १० जून, दुपारी २:०५

मी जीवरसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त, सहकारनगर. ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण तो प्रश्न चांगला आहे आणि त्या क्लिनिकवाल्यांनी खऱ्या गोष्टीचं वाटोळं केलंय याचं मला वाईट वाटतं.

हार्मोन हा प्रकार माणसाला पहिल्यांदा सापडला तोच मुळी आतड्यात. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा (मज्जातंतू) तोडल्या, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या, आणि त्या तुकड्यात थोडं आम्ल सोडलं. नसा तोडल्यात म्हणजे स्वादुपिंडाला निरोप जायला नको, पण स्वादुपिंडातून रस यायला लागला. मग त्यांनी आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, आम्लात घोटलं, गाळून शिरेत टोचलं, परत रस आला. म्हणजे निरोप नसांमधून जात नव्हता, रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं आणि हार्मोन हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरात आणला. थायरॉईड, इन्सुलिन, इस्ट्रोजेन ही सगळी मंडळी या यादीत त्याच्यानंतर आली. त्यामुळे पोटाचा आणि हार्मोनचा संबंध आहे का, तर आतडं ही स्वतःच एक ग्रंथी आहे, अख्ख्या लांबीभर पसरलेली.

काही उदाहरणं. जठरात ग्रेलिन तयार होतं, ते भूक लावतं, १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात ज्या पेशी असतात त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय सोडतात, ती दोन्ही मेंदूला सांगतात की पुरे आता, आणि जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात बनतं, पण ते मेंदूत शिरत नाही, त्याचं काम आतड्याची हालचाल वगैरे, त्यामुळे "पोट साफ तर मन आनंदी कारण सेरोटोनिन" हे जे फिरत असतं ते इतकं सरळ नाही.

आता जंतूंचा भाग. आपण जो फायबर पचवू शकत नाही तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून छोटी आम्लं बनतात, ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य जळण. आणि हीच आम्लं त्या जीएलपी-१ वाल्या पेशींना टोचणी देतात. म्हणजे ताटातली उसळ, मग जंतू, मग आम्ल, मग हार्मोन, मग भूक आणि साखर अशी साखळी आहे. कडधान्य खाल्लं की त्या जेवणानंतरच नाही तर पुढच्या जेवणानंतरची साखरसुद्धा कमी चढते हे बऱ्याच जुन्या प्रयोगांत दिसलंय, त्याचं एक कारण हे आंबणं.

मी स्वतः बोटाला टोचून बघतो. नुसते दोन वाट्या पोहे खाल्ले तर १ तासाने १८७. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि काकडी, मग एकच वाटी पोहे, तर १५२. एकदा नाही, चार-पाच वेळा करून वहीत लिहून ठेवलंय. माझ्या एकट्याचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण करून बघण्यासारखं आहे.

आणि एक, रस्ता दोन्ही बाजूंनी आहे. थायरॉईड कमी पडला की आतडं मंदावतं, बद्धकोष्ठ होतं. म्हणजे तुमचं पोट आधी बिघडलं म्हणून थायरॉईड बिघडला असं क्लिनिकने सांगितलं असेल तर ते उलटंही असू शकतं.

रात्रपाळी | १० जून, रात्री ११:५०

काका एक नंबर लिहिलंय. मी हिंजवडीत आहे, ४ वर्षं रात्रीची शिफ्ट, १३ किलो वाढलोय, फॅटी लिव्हर ग्रेड १. जेवण तेवढंच आहे हो, शपथ. पहाटे ३ ला मात्र अशी भूक लागते की कँटीनमधला वडापाव दिसला की राहवत नाही. आणि आता सगळे त्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल बोलतात, आमच्या टीममध्ये दोघं घेतायत. ते पण जीएलपी-१ च ना? मग तुम्ही म्हणता तसं उसळ खाऊन तेच होणार असेल तर कशाला इंजेक्शन?

पाऊलवाट | ११ जून, सकाळी ९:२०

नाही, तेच होणार नाही, आणि असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या आतड्यातून सुटलेलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं होतं, एक एन्झाइम त्याला लगेच तोडतं. इंजेक्शनातला सेमाग्लुटाइडचा रेणू असा बदललाय की तो निम्मा व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून तर आठवड्यातून एकदाच टोचतात. उसळीने होतं ते छोट्या प्रमाणात आणि रोजच्या रोज, इंजेक्शनाने होतं ते औषधाच्या ताकदीने, आणि ज्याला खरी गरज आहे त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेण्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या पहाटेच्या भुकेचं मात्र सांगतो. शिकागोत २००४ मध्ये १२ तरुण निरोगी पुरुषांना दोन रात्री ४-४ तासच झोपू दिलं, तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के कमी झालं आणि ग्रेलिन २८ टक्के वाढलं. आणि त्यांना ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. प्रयोग लहान आहे पण तुम्ही जे लिहिलंय ते अगदी तेच आहे. तुमची इच्छाशक्ती कमी आहे असं मानून स्वतःला बोल लावू नका. शिफ्ट बदलता येते का बघा. नसेल तर घरून डबा न्या, डाळ-भाकरीचा, आणि रात्री १२ च्या आत खा.

ठिपका | ११ जून, सकाळी ११:०२

थोडा ब्रेक लावतो. जंतूंवरचं जे मोठमोठं छापून येतं त्यातलं बरंचसं उंदरांवरचं आहे. २००६ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला गॉर्डन यांच्या लॅबने लठ्ठ उंदरांचे जंतू निर्जंतुक उंदरांत घातले तर ते उंदीर जास्त चरबी धरायला लागले, २०१३ ला तिथेच माणसांच्या जुळ्यांमधले, म्हणजे एक लठ्ठ एक बारीक अशा जोड्यांमधले जंतू घालून पण तसंच दिसलं. फार भारी काम आहे. पण माणसात २०१२ ला नेदरलँड्समध्ये बारीक लोकांचे जंतू जाड पुरुषांच्या आतड्यात सोडले तेव्हा इन्सुलिनला प्रतिसाद थोडा सुधारला आणि वजन काही उतरलं नाही. पीसीओएस असलेल्या बायकांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार कमी असतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, पण आधी काय आणि नंतर काय हे त्यातून ठरत नाही.

म्हणून ते घरपोच शौचाची टेस्ट करून "तुमचा गट (म्हणजे आतड्याचा) स्कोअर" देणारे जे आहेत त्यांना पैसे देऊ नका. तो रिपोर्ट घेऊन तुमचा डॉक्टर काहीही वेगळं करू शकत नाही.

प्राजक्त | ११ जून, दुपारी ४:३०

मी ५१ ची, पाळी जायच्या मार्गावर. मला एक विचारायचंय, हे कोणाशी बोलत नाही कधी. पाळीच्या आधी आठवडाभर मला कुंथावं लागतं आणि पाळी सुरू झाली की पहिल्या दिवशी ३-४ वेळा जावं लागतं. हे आयुष्यभर आहे. डॉक्टर हसून सोडून देतात. याचा हार्मोनशी संबंध आहे का?

घाटवाट | ११ जून, रात्री ९:१५

ताई बरं झालं विचारलंत, आमच्याकडे कितीतरी बायका रक्त देताना हळूच हे बोलतात. संबंध आहे. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं, ते आतड्याचे स्नायू सैल करतं म्हणून सगळं सावकाश चालतं. गरोदरपणी बद्धकोष्ठ होतं त्यात पण त्याचाच हात असतो. पाळी सुरू होताना प्रोजेस्टेरॉन पडतं आणि गर्भाशय आकुंचन पावायला जी प्रोस्टाग्लँडिन्स सुटतात ती शेजारच्या आतड्यालाही ढवळून काढतात, त्यामुळे जुलाब. तुमचं काही चुकत नाहीये, शरीर तसंच आहे.

पाऊलवाट | ११ जून, रात्री १०:००

त्यात इस्ट्रोजेनचं एक जोडतो. वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृत एका साखरेला बांधून पित्तातून आतड्यात टाकून देतं, म्हणजे बाहेर जायला तयार पुडकं. आतड्यातल्या काही जंतूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते त्या पुडक्याची दोरी सोडवतं, आणि सुटं झालेलं इस्ट्रोजेन परत रक्तात शोषलं जातं. हे काम करणाऱ्या जंतूंच्या समूहाला २०११ मध्ये इस्ट्रोबोलोम असं नाव मिळालं. म्हणजे अंडाशयाने किती बनवलं एवढाच हिशोब नसतो, आतड्याने किती परत आत घेतलं हाही असतो. यावरून लगेच "इस्ट्रोजेन डिटॉक्स" वगैरेची बाटली विकत घेऊ नका मात्र, यंत्रणा कळली म्हणजे उपाय कळला असं होत नाही. फायबर पोटात असला की पुडकी बाहेर जायला मदत होते, इतपत म्हणणं रास्त.

मंडईकर | १२ जून, सकाळी ८:१०

पुण्यात बसून ही चर्चा चाललीय आणि आपल्या इथल्या कामाचं नाव नाही, म्हणून लिहितो. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, यांचा २००४ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला तो फोटो बघितलाय का कोणी? याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, सारखाच. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपला माणूस दिसायला बारीक पण आत चरबी जास्त. नाचणीताईंचं वजन त्यांनी लिहिलेलं नाही पण आपल्याकडे बारीक माणसाला साखर का निघते त्याचं उत्तर इथे आहे.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळं साधारण २.७ किलोची, इंग्लंडातल्या बाळांपेक्षा बरीच लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. आणि ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त खायच्या त्यांची बाळं मोठी. पुढे हेही दिसलं की ज्या आयांचं बी१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्वच) जास्त होतं त्यांची मुलं ६ वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिनला विरोध जास्त होता.

बी१२ चा पोटाशी थेट संबंध आहे. जठरात एक प्रथिन तयार होतं ते बी१२ ला हाताला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी, आणि त्यात डायबेटीसची मेटफॉर्मिन, हे तिन्ही एकत्र आलं की बी१२ तळाला जातं. माझ्या वडिलांचं १०८ निघालं होतं. पायाला मुंग्या येतात ते आम्ही वय म्हणून सोडून दिलं होतं दोन वर्षं. अजूनही त्यांना डाव्या पायाच्या बोटांची जाणीव पूर्ण आलेली नाही. म्हणून कळकळीने सांगतो, घरात कोणी मेटफॉर्मिनवर असेल तर बी१२ तपासा.

नाचणी | १२ जून, सकाळी ८:४५

दादा, आई ९ वर्षं मेटफॉर्मिनवर आहे आणि ॲसिडिटीची गोळी तर रोजच. आजच बोलते.

ज्वारीची_भाकरी | १२ जून, दुपारी १२:३०

सगळं शास्त्र वाचलं, छान वाटलं, आता खायचं काय ते कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. मी मूळची बार्शीची, आता धायरीत. सकाळच्या साखरेने वैतागलेल्या माझ्या जावेसाठी आम्ही अंबील सुरू केली. रात्री ज्वारीचं पीठ दोन मुठी, आंबट ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी वरती जरा बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो, उन्हाळ्यात लवकर, थंडीत ओट्याच्या कोपऱ्यात गॅसच्या जवळ ठेवावं लागतं. पाणी उकळलं की हे मिश्रण बारीक धारेने सोडायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. जिरं, ठेचलेला लसूण, मीठ. गार झाली की मग वरून ताजं ताक, आणि हे महत्त्वाचं कारण शिजवल्यावर आधीचे जंतू मरतात. इडलीचं पण तेच, वाफेत जंतू जातात, आंबल्याचा फायदा पिठाला होतो पण जिवंत जंतू हवे असतील तर ताक, दही, असं न शिजवलेलंच हवं.

आणि एकदम मूठभर राजमा-छोले सुरू करू नका हो, गॅसने जीव जाईल. आधी मूग, मग मटकी, आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, पाणी भरपूर.

ठिपका | १२ जून, दुपारी १:१५

ताकाच्या बाजूने मी पण आहे. स्टॅनफर्डला २०२१ मध्ये ३६ जणांवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला, अर्ध्यांना फायबर वाढवायला दिला आणि अर्ध्यांना दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेली कोरियन भाजी) असे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी बरीच प्रथिनं कमी झाली. फायबरवाल्यांची विविधता तेवढ्या दिवसांत वाढली नाही. म्हणजे दोन्ही हवं, आणि १० आठवड्यांत फायबरकडून चमत्काराची अपेक्षा नको. हैदराबादची पोषण संस्था २००० कॅलरीला ३० ग्रॅम फायबर सांगते, आपण मैदा-पांढरा भात-बिस्किटं यात त्याच्या निम्म्यालाही जात नाही बहुतेक दिवस.

एक मात्र, ज्याला शौचात रक्त दिसतंय, वजन आपोआप उतरतंय, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना पडलंय त्याने अंबील करत बसू नये, पोटाच्या डॉक्टरकडे जावं.

रात्रपाळी | १९ जून, पहाटे ३:२०

काका आज डबा आणलाय. मुगाची उसळ, दोन भाकऱ्या. १२ ला खाल्ला. भूक आहे आत्ता पण वडापाववाली नाहीये.

पाऊलवाट | १९ जून, सकाळी ८:००

वाचून फार बरं वाटलं. लिहीत राहा.

नाचणी | २४ ऑगस्ट, रात्री १०:३५

मंडळी, धागा वर काढतेय, रिपोर्ट आलाय.

१० जूनलाच डॉक्टरांकडे गेले होते, डबा घेऊन. त्यांनी डबा फिरवून मागचं वाचलं, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या डोस वाढवत नाही, आधी पावडर बंद, गोळी पूर्वीसारखी नुसत्या पाण्याशी, आणि ८ आठवड्यांनी परत टेस्ट. मध्ये पावसामुळे लॅबला जायचं एक आठवडा राहिलं. बायोटिन तर जूनपासूनच बंद आहे आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घेतली. टीएसएच ३.४. गोळी तीच ७५ ची!! डोस एक मिलिग्रॅमने, एक मायक्रोग्रॅमनेसुद्धा वाढवलेला नाही.

पहिले तीन आठवडे काहीच फरक वाटला नाही आणि मी इथे येऊन वाचून जायचे, लिहायचं धाडस होत नव्हतं. चौथ्या आठवड्यात एके दिवशी भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले आणि दारात आल्यावर लक्षात आलं की मध्ये थांबलेच नाही. केस अजून गळतायत, डॉक्टर म्हणाल्या त्याला काही महिने लागतील. पाळी ३४ दिवसांनी आली. इसबगोल रात्री जेवणानंतर घेते, मोठा पेलाभर पाण्यातून, गोळीपासून लांब. दुपारी उसळ आधी, मग भाकरी, भात रविवारी. जेवणानंतर २० मिनिटं सोसायटीतच चालते. एचबीए१सी ५.८, फार नाही पण ६.० च्या खाली आलाय.

क्लिनिककडे उरलेल्या महिन्याचे पैसे मागितले होते, दिले नाहीत. ते जाऊ दे. पण त्यांच्याकडे माझ्यासारख्याच गोळीवाल्या आणखी बायका येतात, त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे म्हणून मी त्या मैत्रिणीला घेऊन तिथे गेले आणि समोर बसून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. पावडर थायरॉईडच्या गोळीबरोबर घेऊ नये असं कागदावर छापतो म्हणालेत. छापलं का ते बघायला पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे.

मंडईकरदादा, आईचं बी१२ १४२ आलं. इंजेक्शनं सुरू केलीत. तुमच्यामुळे.

आणि घाटवाट, आता एक नवीन प्रश्न. आईच्या तपासण्या केल्या त्यात तिचाही थायरॉईड निघाला, २५ ची गोळी दिलीय. पण तिला सकाळी उठल्याउठल्या चहा लागतोच, ७३ वर्षांची आहे, ५० वर्षांची सवय आहे, तासभर थांबत नाही ती. वर कॅल्शियमची गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर. काय करू?

घाटवाट | २४ ऑगस्ट, रात्री १०:५८

३.४ वाचून मी इथे जोरात ओरडले, मुलगा घाबरून बाहेर आला.

काकूंचा चहा तोडू नका. डॉक्टरांना विचारून त्यांची गोळी रात्री झोपताना करता येते, फक्त शेवटचं खाणं होऊन ३ तास झालेले हवेत. किती वाजता जेवतात त्या? कॅल्शियम सकाळीच राहू दे, म्हणजे दोन्हींत आपोआप अंतर पडतं. रात्रीच्या जेवणानंतर दूध पीत असतील तर ते ३ तास त्या दुधापासून मोजा.

नाचणी | २४ ऑगस्ट, रात्री ११:०३

साडेसातला जेवते, दूध नाही घेत. ११ ला झोपते. म्हणजे पावणेअकराला गोळी. उद्या डॉक्टरांना फोन करून विचारते आणि हो म्हणाल्या तर तिच्या उशापाशी पाण्याचा तांब्या आणि डबी ठेवते.